डायना स्ट्रीट बॉबचे कॅमशाफ्ट घरच्या पार्किंगमध्ये बदलताना : एक प्रकरण अभ्यास

गाडी : हार्ले-डेव्हिडसन डायना स्ट्रीट बॉब, ट्विन कॅम 96 इंजिन, 1,584 सीसी, 45 अंशांचा व्ही-ट्विन. ठिकाण : पुण्यातल्या एका सोसायटीचं झाकलेलं पार्किंग. एअर फिल्टर आणि सायलेन्सर आधीच बदललेले. तक्रार एकच. शहरात तिसऱ्या-चौथ्या गिअरला 2,000 ते 3,500 आरपीएमच्या पट्ट्यात गाडी जड वाटते, पिकअप उशिरा येतो. उपाय ठरला तो कॅमशाफ्ट बदलण्याचा, म्हणजे व्हॉल्व्ह केव्हा आणि किती उघडायचे ते ठरवणारा दांडा. मालकाने मागवायला काढलेला कॅम 0.585 इंच लिफ्टचा होता, म्हणजे व्हॉल्व्ह तेवढा उघडणारा. बसला त्यापेक्षा बराच लहान.

निम्मं काम या निवडीतच होतं. कॅम कार्डवर, म्हणजे कॅमसोबत येणाऱ्या मापांच्या कागदावर, सगळ्यांची नजर आधी लिफ्टवर जाते. खरं तर आधी पाहायचा तो आकडा वेगळाच : इनटेक व्हॉल्व्ह बीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत खाली असतो ती जागा) किती अंशांनी बंद होतो. तो जितका उशिरा बंद होईल तितकं कमी आरपीएमला पिस्टन वर येताना आत आलेलं मिश्रण पुन्हा बाहेर ढकलतो आणि सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष दाब कमी तयार होतो. वरच्या आरपीएमला आत येणाऱ्या हवेचा वेगच इतका असतो की हा उशीर फायद्याचा ठरतो. 96 चं मूळ कॉम्प्रेशन 9.2 च्या आसपास आहे. पिस्टन आणि हेड तेच ठेवून मोठा कॅम टाकला तर खालचा जोर आणखी कमी होतो आणि 4,000 च्या वर मिळणारा फायदा वापरायला शहरात रस्ताच सापडत नाही. म्हणून 0.490 इंच, म्हणजे 12.45 मिमी लिफ्टचा आणि 40 अंशांच्या आत इनटेक बंद करणारा कॅम घेतला. कार्ड वाचताना हे अंश किती लिफ्टला मोजलेत तेही बघायचं. या वर्गातल्या कार्डांवर बहुधा 0.053 इंच असतं. वेगळ्या लिफ्टला मोजलेल्या दोन कार्डांची तुलना करून हाती काही लागत नाही.

लिफ्टचं महत्त्व दुसऱ्या कारणासाठी. मूळ स्प्रिंगवर 0.510 इंचापर्यंतचा कॅम सहसा चालतो. त्यापुढे स्प्रिंगची वेटोळी एकमेकांवर बसणं, रिटेनर गाईडच्या सीलला लागणं, व्हॉल्व्ह-पिस्टन अंतर हे सगळं मोजावं लागतं, म्हणजे हेड उतरवणं आलं. 0.585 चा कॅम घेतला असता तर हे पार्किंगमधलं काम राहिलंच नसतं.

सामान, आणि इंचांचा घोळ

कॅमचा जोड, कॅम चेंबरचं पॅकिंग आणि ओ-रिंगचा संच, नवे हायड्रॉलिक टॅपेट (कॅमवर टेकून वर-खाली होणारे) चार, ॲडजस्टेबल पुशरॉडचा (टॅपेटची हालचाल वर व्हॉल्व्हकडे नेणारे, लांबी बदलता येणारे दांडे) संच, आतली दोन नीडल बेअरिंग (सुयांसारख्या बारीक रोलरची), बेंड पाइपची (इंजिनातून निघणाऱ्या एक्झॉस्ट पाइपची) दोन पॅकिंग, 20W50 ऑइल आणि फिल्टर. डायनाच्या 96 ला फिल्टरसह साधारण 2.8 लिटर ऑइल लागतं. हत्यारांमध्ये बेअरिंग ओढायचा आणि बसवायचा पुलर, दोन स्प्रॉकेट एकमेकांत अडकवून ठेवणारं लॉकिंग टूल, डायल गेज, फिलर गेज, सरळ पट्टी आणि दोन टॉर्क पाने.

पाने दोन का, तर या इंजिनातले बरेचसे पाव इंची बोल्ट 90 ते 120 इंच-पाउंडांवर आवळायचे असतात, म्हणजे 10 ते 13.5 न्यूटन-मीटर. आपल्याकडच्या गॅरेजमधला अर्धा इंची टॉर्क पाना 20-25 न्यूटन-मीटरच्या खाली बोलतच नाही. ज्याने इंच-पाउंड आणि फूट-पाउंड एक समजले त्याने बारापट आवळलं. केसिंग ॲल्युमिनियमचं, आटे हातात येतात. म्हणून 5 ते 25 न्यूटन-मीटरचा छोटा पाना हवाच. तसंच कव्हरच्या बोल्टला 3/16 इंची एलन की लागते. 5 मिमीची आत जात नाही आणि 4.5 ची बोल्टचं डोकं गोल करते.

उघडणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मागचं चाक जॅकवर अधांतरी, गिअर सहावा, दोन्ही प्लग बाहेर. आता मागचं चाक पुढच्या दिशेने हाताने फिरवलं की इंजिन हळू आणि मोजून फिरतं. या गाडीत उजव्या बाजूचे बेंड पाइप कॅम कव्हरच्या आड येतात, ते आधी काढावे लागले.

मूळ पुशरॉड पूर्ण काढायचे तर टाकी उतरवून रॉकर बॉक्स (व्हॉल्व्हच्या वरची झाकणं) उघडावे लागतात. ॲडजस्टेबल रॉड येणारच होते, म्हणून मूळ रॉड बोल्ट कटरने कापले. कापताना त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत, म्हणजे रॉडवर व्हॉल्व्ह स्प्रिंगचा ताण नसतो. ताणाखालचा रॉड कापला तर तुकडा उडतो. ग्राइंडर किंवा हॅक्सॉ इथे चालवायचाच नाही. तो लोखंडाचा चुरा थेट टॅपेटच्या भोकात जातो. कटरने चुरा जवळपास पडत नाही, तरी खाली चिंधी गुंडाळलेली बरी.

मग टॅपेटची कव्हरं, टॅपेट फिरू न देणाऱ्या पिना, टॅपेट, शेवटी कॅम कव्हर. आत दोन चेन दिसतात. बाहेरची क्रँकवरून मागच्या कॅमला चालवते. आतली मागच्या कॅमवरून पुढच्या कॅमला. 1999 ते 2006 च्या बहुतेक ट्विन कॅममध्ये स्प्रिंगवरचे टेन्शनर (चेन ताणून धरणारे) असायचे. त्यांचे प्लास्टिकचे बूट झिजून त्याचे कण ऑइल पंपात जात, त्यामुळे त्या गाड्यांमध्ये कॅम चेंबर उघडणं ही गरजच होती. 2007 पासून (डायनात 2006 पासूनच) हायड्रॉलिक टेन्शनर आणि रोलर चेन आली. घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक चांगला बदल झाला : कॅमची बाहेरची टोकं आता त्यांना आधार देणाऱ्या प्लेटच्या भोकांतच फिरतात, बेअरिंग प्रेस करत बसावं लागत नाही.

बाहेरच्या चेनवर फिरण्याची दिशा पेनने खूण करून ठेवली. चालून बसलेली चेन उलटी लावायची नसते. लॉकिंग टूल लावून दोन्ही स्प्रॉकेटचे बोल्ट सैल केले, स्प्रॉकेट चेनसकट एकत्र ओढून काढले, ऑइल पंपाचे चार बोल्ट आणि मग प्लेटचे बोल्ट. प्लेट दोन्ही कॅमसकट बाहेर आली.

क्रँक मोजल्यावर बदललेला बेत

मालकाला चेन काढून गिअर ड्राइव्ह बसवायचा होता. त्यात टेन्शनर नाही, झिजणारे बूट नाहीत, टायमिंग पक्कं. पण गिअरच्या दात्यांना क्रँकच्या टोकाचं डगमगणं अजिबात सोसत नाही. मान्य मर्यादा 0.003 इंच, म्हणजे 0.076 मिमी. ट्विन कॅमचा क्रँक तुकडे प्रेस करून जोडलेला असतो आणि विशेषतः 2007 नंतरच्या क्रँकमध्ये हा आकडा गाडीगणिक बदलतो. त्यामुळे मोजल्याशिवाय गिअर ड्राइव्हची ऑर्डर द्यायचीच नाही.

मोजताना एक गंमत होते. डायल गेजचा स्टँड चुंबकाचा, आणि केसिंग ॲल्युमिनियमचं. चुंबक धरत नाही. कॅम कव्हरच्याच एका भोकात बोल्टने लोखंडी पट्टी आवळली आणि त्या पट्टीवर स्टँड बसवला. गेजचं टोक क्रँकच्या गुळगुळीत भागावर टेकवून चाकाने इंजिन पूर्ण फिरवलं. सुई 0.11 मिमी हलली. गिअर ड्राइव्ह तिथेच रद्द. इतक्या डगमगीवर दात एका बाजूला करकचून दाबले जातात आणि दुसऱ्या बाजूला सुटतात. इंजिन कण्हू लागतं आणि कॅमच्या बेअरिंगवर भलता भार येतो. चेन तेवढं सहज पचवते. जुन्या प्लेटचं क्रँकचं भोक बोटाने आणि टॉर्चने तपासलं, ओरखडे नव्हते, म्हणून तीच प्लेट ठेवली.

आतली बेअरिंग आणि ओ-रिंग

क्रँककेसमधली मूळ नीडल बेअरिंग पिंजऱ्याची असतात, सुया कमी. त्याजागी पूर्ण सुयांची बेअरिंग घातली. स्प्रिंगचा भार तसाच राहिला तरी इथपर्यंत पुन्हा कोण येणार, हा सरळ हिशोब. जुनी ओढून काढताना एखादी सुई सुटून क्रँककेसमध्ये पडू शकते, म्हणून आजूबाजूची सगळी भोकं आधी चिंधीने बुजवायची, आणि किती चिंध्या कोंबल्या ते मोजायचं. नवं बेअरिंग ठोकायचं नाही, पुलरच्या स्क्रूने ढकलायचं. अक्षरं कोरलेली बाजू आपल्याकडे, म्हणजे दाबणाऱ्या हत्याराकडे.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग पडणारा भाग म्हणजे ऑइल पंपाच्या ओ-रिंग. पंपाचं एक अंग ऑइल वर पाठवतं, दुसरं क्रँककेसमधलं उरलेलं ऑइल ओढून परत नेतं. ओढणाऱ्या मार्गावरची ओ-रिंग चिमटली, दुमडली किंवा बसवायचीच राहिली तर पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. क्रँककेसमध्ये ऑइल साचतं, फ्लायव्हील त्यात घुसळतं, गाडी ओढेनाशी होते, इंजिन तापतं आणि ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा बाहेर सोडणारी वाट) ऑइल एअर फिल्टरवर ओकतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पिस्टन रिंग गेल्या. या कामानंतर दोन-चार दिवसांत एअर फिल्टर ऑइलने भिजलेला दिसला तर पिस्टनकडे जाण्याआधी इथे बघावं. नवी ओ-रिंग ऑइल लावून, पंप सरळ ढकलत बसवली. प्लेटमागची लहान ओ-रिंग खाली पडू नये म्हणून असेंब्ली ग्रीसने चिकटवली.

बसवणं

आतली चेन दोन्ही कॅमवर चढवताना कॅमवरचे ठिपके समोरासमोर, एका सरळ रेषेत. मग दोन्ही कॅम चेनसकट एकदम प्लेटमध्ये सरकवायचे. लोबना, म्हणजे कॅमच्या उंचवट्यांना, असेंब्ली ल्यूब. प्लेट केसिंगवर आली की तिचे बोल्ट निळं थ्रेड लॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावून 90 ते 120 इंच-पाउंड. पंपाचे चार बोल्ट मात्र या वेळी फक्त टेकलेले. इंजिन फिरवत राहायचं, म्हणजे पंप क्रँकच्या मध्यावर आपोआप बसतो. फिरवता फिरवता 40 ते 45 इंच-पाउंड (सुमारे 5 न्यूटन-मीटर), आणि मग पूर्ण 90 ते 120. क्रम चुकून पंप आधीच गच्च आवळला तर तो एका बाजूला दाबून बसतो आणि आतले रोटर खरवडतात. इथे घाई करणारे खूप, कारण उघडताना चार बोल्ट मिनिटात सुटलेले असतात.

बाहेरच्या दोन स्प्रॉकेटच्या खुणा एकमेकींसमोर आणल्या. दोघांच्या चेहऱ्यांवर सरळ पट्टी धरून फिलर गेजने फरक पाहिला. 0.010 इंच, म्हणजे पाव मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. नवा कॅम म्हणजे नवं माप, त्यामुळे स्प्रॉकेटमागची जुनी चकती, म्हणजे स्पेसर, चालेलच असं नाही. इथे तो एक आकाराने जाड लागला. लॉकिंग टूल लावून दोन्ही बोल्ट लाल थ्रेड लॉकरचा एक थेंब आणि डोक्याखाली ऑइल लावून आधी 15 फूट-पाउंड, मग दोन्ही एक पूर्ण फेरा सैल, मग शेवटचं माप : कॅमचा 34 फूट-पाउंड (46 न्यूटन-मीटर), क्रँकचा 24 (32.5 न्यूटन-मीटर). आकड्यांची अदलाबदल करू नये.

पुशरॉड : इथे घड्याळ बाजूला ठेवायचं

कॅम बदलून इंजिन खराब झाल्याच्या बऱ्याच कहाण्यांचं मूळ या अर्ध्या तासात असतं.

एका सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे सर्वांत वर, आणला. प्लगच्या भोकावर बोट ठेवलं की दाब जाणवतो. नेमकं टोक सापडायला आत प्लास्टिकचा स्ट्रॉ सोडायचा, लोखंडी काहीही नाही. या स्थितीत दोन्ही टॅपेट कॅमच्या गोल भागावर, म्हणजे सर्वांत खाली असतात. लांब रॉड एक्झॉस्टचे, आखूड इनटेकचे. रॉड हाताने लांबवत न्यायचा, वर-खाली हालचाल संपते पण बोटांनी तो अजून गरागरा फिरतो, तिथे शून्य. तिथून पुढे रॉड बनवणाऱ्याच्या कागदावर जेवढे फेरे दिलेत तेवढेच.

हे फेरे सगळ्या रॉडना सारखे नसतात, कारण आटे वेगळे. या रॉडला इंचाला 32 आटे, म्हणजे एक फेरा 0.79 मिमी. कागदावर चार फेरे, म्हणजे 3.2 मिमी. टॅपेटच्या आतल्या प्लंजरची चाल साधारण 5 मिमी, त्यामुळे खाली पुरेशी जागा राहते. हेच चार फेरे 24 आट्यांच्या रॉडला दिले तर 4.2 मिमी होतात आणि प्लंजर जवळपास तळाला टेकतो. रॉडच्या सहा सपाट बाजू मोजत गेलं तर चूक होत नाही : चार फेरे म्हणजे चोवीस बाजू.

आता थांबायचं. रॉड लांबवताना प्लंजर खाली दबतो, पण त्याखालचं ऑइल बारीक फटीतून झिरपून जायला वेळ लागतो. तोवर टॅपेट एखाद्या ठोकळ्यासारखा घट्ट असतो आणि व्हॉल्व्ह थोडा उघडाच राहतो. अशा वेळी इंजिन फिरवलं तर पिस्टन व्हॉल्व्हला लागू शकतो किंवा रॉड वाकतो. कागदावर दहा-पंधरा मिनिटं लिहिलेली असतात. मागच्या सिलिंडरचा इनटेक रॉड तेवढ्यात बोटांनी फिरू लागला. एक्झॉस्टचा वीस मिनिटांनंतरही हलेना. तो टॅपेट बसवण्याआधी ऑइलमध्ये बुडवून पंप करून घट्ट भरलेला होता. नवे टॅपेट ऑइलमध्ये भिजवावेत, पंप करू नयेत. शेवटी चाळीसेक मिनिटांनी रॉड दोन बोटांत सैल फिरला. खूण हीच धरायची, मिनिटं नव्हे. दोन्ही रॉड फिरू लागल्यावरच लॉक नट आवळायचा आणि मग चाक फिरवून दुसरा सिलिंडर घ्यायचा.

सगळं झाल्यावर, प्लग अजून बाहेरच, चाकाने इंजिन दोन पूर्ण फेरे हाताने फिरवलं. कुठेही अडलं तर जोर लावायचा नाही. परत मागे जाऊन टायमिंग बघायचं. मग बॅटरी जोडून, प्लगशिवायच, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ थोडा थोडा मारला.

पहिलं स्टार्ट आणि मागची टिकटिक

सुरू करण्याआधी ईसीएममध्ये (इंजिनाचा कंप्युटर) या कॅमच्या जवळचा मॅप (किती इंधन द्यायचं त्याचा तक्ता) टाकला होता. डायनाचं फ्युएल इंजेक्शन हवेचा प्रवाह मोजत नाही. मॅनिफोल्डचा दाब आणि आरपीएम पाहून सिलिंडर किती भरला असेल हे तक्त्यावरून ठरवतं. कॅम बदलला की तो तक्ताच खोटा ठरतो. जुन्या मॅपवर गाडी चालते, पण लीन (इंधन कमी, हवा जास्त), आणि पुण्याच्या सिग्नलवर मागचा सिलिंडर तसाही तापतो.

रोलर टॅपेट असल्यामुळे पहिली वीस मिनिटं वरच्या आरपीएमला ठेवण्याची गरज नव्हती. जुन्या बुलेटसारख्या सपाट टॅपेटच्या इंजिनात ती असते, आणि तो सल्ला लोक इकडेही चिकटवतात.

पहिली दहा-वीस सेकंद टॅपेट वाजले, भरले, गप्प झाले. पण एक बारीक टिकटिक राहिली, गार इंजिनात जास्त. मालकाला पुशरॉडची शंका आली आणि तो पुन्हा फेरे द्यायला निघाला होता. आधी बाकीच्या शक्यता तपासल्या. ॲडजस्टेबल रॉड मूळ रॉडपेक्षा जाड असतात आणि ट्यूबच्या आतून घासू शकतात. इंजिन बंद करून ट्यूबची क्लिप काढली, खालची ट्यूब वर सरकवली. रॉडवर कुठेही चकाकी नव्हती. मग बेंड पाइप. इंजिन गार असताना सुरू करून सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओली चिंधी क्षणभर दाबली तर मागच्या सिलिंडरच्या बेंडपाशी आवाज वाढला आणि साबणाच्या पाण्याला तिथे बुडबुडे आले. नवी पॅकिंग दोन आणली होती, पण मागे जुनंच परत बसवलं गेलं होतं. एक्झॉस्टची गळती टॅपेटसारखीच वाजते, कारण तीही दोन फेऱ्यांतून एकदाच येते. पॅकिंग बदललं, टिकटिक गेली. रॉडना आणखी फेरे दिले असते तर आवाज तसाच राहिला असता आणि व्हॉल्व्ह मात्र पूर्ण बंद झाले नसते.

मॅप ऑटो-ट्यूनने तीन-चार वेगवेगळ्या राइडमध्ये सुधारला : शहर, कात्रजचा चढ, सातारा रस्त्यावर एका वेगाने. तोवर पूर्ण थ्रॉटल टाळला. 500 किमीला ऑइल आणि फिल्टर बदलला; फिल्टर कापून पाहिला, असेंब्ली ल्यूबचा काळपटपणा होता, धातूचे तुकडे नव्हते. एअर फिल्टर कोरडा. चौथ्या गिअरला 2,200 च्या आसपासून गाडी आता सरळ ओढते, 3,000 ला गिअर खाली टाकावा लागत नाही. वरती 5,000 नंतर फरक फारसा नाही, आणि तो मागितलाही नव्हता. आयडलला थोडी डुलते, तेवढं या कॅमचं अंगचंच आहे.

कागदोपत्री बाजू मालकाने स्वतः समजून घ्यायची : मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीत निर्मात्याच्या तपशिलाबाहेर बदल करण्यावर बंधन आहे. मूळ कॅम, टॅपेट आणि स्पेसर ऑइल लावून, पुढचा-मागचा अशी चिठ्ठी बांधून ठेवलेत. कापलेल्या रॉडचं काही होणार नाही; मूळ अवस्थेत परत जायचं झालं तर हे ॲडजस्टेबल रॉडच वापरता येतील.